आत माणूस हाय

दुभाष्याच्या कामात अवघड शब्द फारसे छळत नाहीत. एखाद्या सुट्या भागाचं लांबलचक नाव अडलं तर विचारता येतं, चित्र काढून घेता येतं, नाहीच जमलं तर तो भाग हातात धरून दाखवता येतो. छळतात ते लहान शब्द. 'बरं', 'चालेल', 'बघू'. 'बघू' म्हणजे करू की टाळू, हे मराठी माणसालासुद्धा समोरच्याचा चेहरा बघून ठरवावं लागतं. मी ते जपानीत काय सांगणार?

मी चिंचवडची. जपानी शिकले ती निव्वळ हौस म्हणून. पुढे चाकणला जपानी कंपन्या आल्या आणि हौसेची नोकरी झाली. गाड्यांचे सांगाडे जोडणाऱ्या एका कंपनीत मी निवृत्तीपर्यंत दुभाषी होते. सकाळी स्टेशनाजवळून कंपनीची बस पकडायची, मोशीच्या पुढे ट्रकांच्या रांगेत अडकायचं आणि एकदा पोचलं की दिवसभर दोन माणसांच्या मध्ये उभं राहायचं. लोकांना वाटतं, दुभाषी म्हणजे बोलणारी बाई. खरं तर ते ऐकण्याचं काम आहे. बोलणं सगळं दुसऱ्यांचं असतं आणि त्यात आपल्या पदरचं काही घालायचं नसतं. चिडलेल्याचं बोलणं चिडकंच पोचवायचं, मूर्खाचं मूर्खासारखं. एकदा एक साहेब तावातावानं बोलून गेले आणि मग मला म्हणाले, "मॅडम, शेवटचं वाक्य सांगू नका त्यांना." मी म्हटलं, "मग सर, ते बोलायचंच नव्हतं."

'हाय' हा शब्द मला पहिल्या धड्यात शिकवला होता. जपानीत हाय म्हणजे हो. हे अर्धंच खरं आहे, ते मला नोकरीत कळलं. भोसरीचे एक कारखानदार आमच्याकडे काम मागायला आले होते. ते बोलत होते आणि समोरचे जपानी साहेब दर वाक्याला मान लववून "हाय, हाय" म्हणत होते. कारखानदार इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेटवर हजर. काम मात्र दुसऱ्यालाच गेलं होतं. ते माझ्यावर उखडले. "अहो, तासभर हो-हो म्हणत होते ना!" मी त्यांना समजावलं, की ते 'हो' नव्हतं. ते 'ऐकतोय' होतं. तुमचं बोलणं माझ्यापर्यंत पोचतंय, एवढाच त्याचा अर्थ. पटलं की नाही, हा प्रश्न वेगळा. त्यांनी पेढे मात्र परत नेले नाहीत.

हा शब्द पुढे मला निरनिराळ्या तोंडांतून भेटत राहिला. एक जर्मन इंजिनिअर लाइन बघायला आला होता, तो हसत म्हणाला, "तुमचे लोक दिवसभर शार्क, शार्क का ओरडतात?" त्यांच्या भाषेत हाय म्हणजे शार्क मासा. व्हिएतनामहून शिकायला आलेल्या मुलीनं हाय म्हणत दोन बोटं दाखवली, कारण तिच्याकडे तो दोनाचा आकडा. एका चिनी तंत्रज्ञानं तोच शब्द जरा खाली नेऊन वर उचलला आणि त्याचा समुद्र झाला. आमच्या सोसायटीतली मुलं लिफ्टमध्ये भेटली की हाय करतात. हे सगळं मी घरी जेवताना सांगायचे, सगळे हसायचे. मीही हसायचे.

मला जे सांगायचं आहे ते दोन माणसांबद्दल आहे. एक ओकुदा-सान. सान म्हणजे आपलं 'राव' किंवा 'साहेब'. नवी वेल्डिंगची लाइन उभी करायला ते जपानहून आले होते. पन्नाशीचे, सडपातळ, बोलायला कमी. इंग्रजी जेमतेम. दुसरे सोपान. कंपनीच्या भिंतीला लागूनच त्यांचं गाव, त्या गावातले पहिल्या भरतीतले कामगार. सोपान मावळी बोलायचे. व्हय, न्हाई, आमी, हाय. पुण्याहून येणारे नवे इंजिनिअर त्यांची नक्कल करायचे आणि त्यांना ते कळायचं, पण ते स्वतःची भाषा बदलायचे नाहीत.

या दोघांचं कसं जमलं ते सांगायला हवं. जपानी माणूस एखादी वस्तू हातात देतानाही हाय म्हणतो, म्हणजे 'हे घ्या'. तर सोपान विचारायचे, "सान, पाना हाय का?" आणि ओकुदा-सान "हाय" म्हणत पाना पुढे करायचे. लाइनवरचे लोक हसून बेजार. "राव, जपान्याला मावळी येती!" सोपान मला म्हणायचे, "ताई, तुमी आता घरी बसा. आमचं आमाला कळतंय."

आणि खरंच बरंच कळायचं. दोघंही हातानं काम करणारी माणसं होती. पत्रा कुठे ताणला जातोय, हे दोघं बोट फिरवून सांगायचे आणि एकमेकांकडे बघून मान हलवायचे. मी शेजारी उभी असायचे आणि मला खरोखर काही काम नसायचं.

ती लाइन म्हणजे जाळीचा एक मोठा पिंजरा. आत रोबोचे हात वेल्डिंग करतात. त्याआधी पत्रा एका चौकटीवर ठेवायचा, मग लोखंडी चिमटे खाली येऊन तो घट्ट पकडतात. त्यांना क्लॅम्प म्हणतात. त्यांचा जोर असा की मध्ये लाकडाची फळी आली तर तिचा भुगा होतो. म्हणून पिंजऱ्याच्या दाराला स्विच असतो. दार उघडलं की आतलं सगळं थांबतं. पण लाइन नवी होती, चाचण्या चालल्या होत्या, सारखं आतबाहेर करावं लागत होतं. म्हणून तो स्विच निकामी करून ठेवला होता. कुणी केला हे सगळ्यांना माहीत होतं आणि विचारल्यावर कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी सकाळपासून पत्रा अडकत होता. मी वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या बैठकीत होते. अंगद नावाचा ऑपरेटर अडकलेला पत्रा सोडवायला आत गेला. अंगद बीडकडचा, केजचा. चऱ्होलीत भाड्याच्या खोल्यांत आई, बायको आणि मुलगी यांच्यासोबत राहायचा. सोपान दाराशी उभे होते. ओकुदा-सान पलीकडे बटणांच्या पॅनेलपाशी होते आणि मध्ये खांब असल्यामुळे त्यांना ना अंगद दिसत होता ना सोपान. त्यांनी ओरडून विचारलं, "ओके?"

सोपान ओरडले, "आत माणूस हाय!"

शेजारच्या लाइनवर ग्राइंडिंग चाललं होतं. पॅनेलपर्यंत शेवटचा शब्द तेवढा पोचला. ओकुदा-सान पुन्हा म्हणाले, "ओके?" सोपान घाबरून जिवाच्या आकांतानं ओरडले, "हाय! हाय! हाय!"

ओकुदा-साननी बटण दाबलं.

खाली कारखान्याचा आवाज थांबला की वर बैठकीतली माणसं बोलायची थांबतात. आम्ही सगळे एकदम उठलो. मी खाली पोचले तेव्हा अंगदला बाहेर काढलं होतं आणि त्याचा उजवा हात सोपाननी स्वतःच्या शर्टात गुंडाळून वर धरला होता. ओकुदा-सान गुडघ्यांवर बसले होते आणि सोपानकडे बघून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. सोपान माझ्यावर ओरडले, "ताई, काय म्हनतोय ह्यो?"

ते म्हणत होते, "तू हो म्हणालास. तू हो म्हणालास ना?"

माझ्या नोकरीतलं ते पहिलं वाक्य असेल जे मी लगेच सांगितलं नाही. "नंतर सांगते," म्हटलं आणि रुग्णवाहिकेकडे धावले.

अंगदचा अंगठा आणि करंगळी वाचली. मधली बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी ओकुदा-सान मला म्हणाले, "मला दवाखान्यात जायचं आहे. तुम्ही याल का?" एचआरच्या साहेबांचं मत होतं की इतक्यात जाऊ नये, नातेवाईक भडकलेले असतात. ओकुदा-सान ऐकून घेऊन "हाय" म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

अंगद शुद्धीवर होता पण औषधांनी ग्लानीत होता. बाहेर बाकावर त्याची आई बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर डबा, तोही न उघडलेला. मी सांगितलं, "मावशी, हे कंपनीचे साहेब. मशीन यांनी सुरू केली होती. माफी मागायला आलेत." ओकुदा-सान कमरेत पूर्ण वाकले आणि तसेच राहिले.

ती उठली नाही. ओरडलीही नाही. बसल्या जागेवरून हळू आवाजात म्हणाली, "माझ्या लेकराच्या हाताची हाय लागंल तुला."

आणि ओकुदा-सान, वाकलेल्या अवस्थेतच, म्हणाले, "हाय."

मी तिथे उभी होते आणि मला वाटलं, जमीन दुभंगून मला आत घेईल तर बरं. म्हाताऱ्या बाईनं शाप दिला होता. तिच्या बोलण्यातला एकच शब्द त्यांच्या कानाला ओळखीचा वाटला आणि बोलणारा बोलतोय, आपण ऐकतोय, म्हणून त्यांनी त्यांच्या रीतीनं उत्तर दिलं. ती दचकली. मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाली, "काय म्हणायलाय ह्यो?"

"ऐकतोय, असं म्हणाले ते," मी म्हटलं. "त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ तोच होतो. ऐकतोय."

मग ओकुदा-साननी मला विचारलं, त्या काय म्हणाल्या. इथे सावरून घ्यायचा मोह होतो. 'फार दुःखात आहेत' असं म्हणून सुटता आलं असतं. पण त्या माउलीनं जे शब्द निवडले होते ते तिचे होते, ते गिळायचा मला अधिकार नव्हता. मी सांगितलं, की आमच्या भाषेत दुखावलेल्या माणसाच्या तोंडून जे बाहेर पडतं त्याला हाय म्हणतात आणि ज्यानं दुखावलं त्याला ते लागतं असं लोक मानतात. माझ्या लेकराच्या हाताची हाय तुला लागेल, असं त्या म्हणाल्या.

ते सरळ उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता. मग त्यांनी पुन्हा मान लववली आणि म्हणाले, "हाय." या वेळी सगळं समजून.

ती बाई बाकावर थोडी सरकली. "ऐकतोय म्हणतो ना? मग ऐक म्हणावं," ती म्हणाली आणि बोलू लागली. अंगद लहानपणी किती उशिरा चालायला लागला. दुष्काळात शाळा सोडून इकडे आला तेव्हा कुणाच्या खोलीत झोपायचा. सून सकाळच्या पाळीला दुसऱ्या कंपनीत जाते म्हणून नातीची वेणी अंगदच घालतो, आणि आज सकाळी ती पोर केस मोकळे सोडूनच शाळेत गेली. मी वाक्यामागून वाक्य जपानीत सांगत होते. ओकुदा-सान बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून दर वाक्याला हाय म्हणत होते. तिला आता त्या शब्दानं दचकायला होत नव्हतं. तो शब्द आला नाही तर उलट ती थांबायची आणि त्यांच्याकडे बघायची.

तिनं त्यांना माफ केलं असं मी म्हणणार नाही. तसं काही ती बोलली नाही.

इकडे कंपनीत सोपानना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं होतं. इशारा देणाऱ्यानं चुकीचा इशारा दिला, असं कारण. चौकशीच्या सकाळी ते गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर मला भेटले. दाढी वाढलेली. चहा घेतला नाही. म्हणाले, "ताई, एक इचारू? म्या वरडलो म्हनून त्याचा हात गेला का? गप ऱ्हायलो असतो तर वाचला असता का?"

याचं खरं उत्तर मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. ते गप्प राहिले असते तर बहुधा बटण दाबलं गेलं नसतं. मी म्हटलं, "सोपानराव, आत माणूस असताना तुम्ही गप्प राहिला असता का?"

"न्हाई."

"मग झालं तर."

"झालं कसं?" ते म्हणाले. "झोप लागत न्हाई मला. आमच्या आज्यापासनं आमी हाय म्हनतो. आता तोंडातनं निगला की मलाच कापरं भरतं."

चौकशीला प्लांटचे प्रमुख, एचआरचे साहेब, युनियनचा एक माणूस, सोपान आणि ओकुदा-सान होते. एचआरच्या साहेबांनी सुरुवात माझ्यापासूनच केली. "मॅडम, साधा प्रश्न आहे. ओकुदा-साननी 'ओके?' असं विचारलं, सोपाननी 'हाय' म्हटलं. जपानीत हाय म्हणजे हो. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं. "पण सोपान जपानीत बोलत नव्हते."

मी सोपानना त्यांचं पूर्ण वाक्य म्हणायला सांगितलं. त्यांनी मान खाली घालून म्हटलं, "आत माणूस हाय." मी ते जपानीत सांगितलं, आणि सोपानच्या बोलीत हाय म्हणजे 'आहे', हेही सांगितलं. माझं काम तिथे संपलं. निवाडा करणं माझं काम नव्हतं.

ओकुदा-साननी बोलायची परवानगी मागितली. ते उभे राहून बोलले आणि मी वाक्य-वाक्य मराठीत आणत गेले.

"मला हाय ऐकू आलं, हे खरं आहे. पण माझ्या भाषेतही हाय म्हणजे प्रत्येक वेळी हो नसतं. माझे वरिष्ठ मला रागावतात तेव्हा मी हाय म्हणतो. मला त्यांचं पटलेलं नसतं. हे मला शाळेपासून माहीत आहे. त्या दिवशी सकाळपासून काम मागे पडलं होतं. मला होकार हवा होता, म्हणून मी तो ऐकला. दाराचा स्विच बंद आहे हे मला माहीत होतं. खांबाला वळसा घालून बघायला मला चार पावलं पुरली असती. सोपान-सान त्या माणसाला वाचवायला ओरडत होते."

एचआरच्या साहेबांनी मला हळूच विचारलं, "एवढं सगळं म्हणाले ते?"

"एवढंच म्हणाले," मी सांगितलं.

सोपान माझ्याकडे बघत होते. शेवटचं वाक्य मी त्यांच्यासाठी पुन्हा एकदा म्हटलं, सावकाश. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

त्यानंतर कंपनीनं स्विच पुन्हा जोडले. आत जाणाऱ्यानं दाराला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. माणूस बाहेर आलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. आवाजावर कुणी विसंबायचं नाही. हे नियम आधीही होते, भिंतीवर तीन भाषांत लावलेले होते. आता ते पाळले जाऊ लागले. अंगद बरेच महिने उपचार घेऊन परत आला. त्याला तपासणीच्या टेबलावर बसवलं. डाव्या हातानं लिहायला शिकला. माझ्याशी नीट बोलायचा, ओकुदा-सानबद्दल मात्र कधीच काही बोलला नाही, आणि मीही विषय काढला नाही.

सोपान पुढच्याच सोमवारी कामावर आले. पण ते बदलले होते. "पाना आहे का?" असं विचारायचे. आहे, नाही, होय. शाळामास्तरासारखं एकेक अक्षर जपून. पोरं सुरुवातीला हसली, मग हसेनाशी झाली. मी माझ्या कामात शब्दांचे पुष्कळ बरेवाईट हाल बघितले, पण एका माणसानं आपल्या घरातला शब्द असा कंपनीच्या गेटबाहेर काढून ठेवलेला बघणं मला फार जड गेलं.

काही महिन्यांनी ओकुदा-सानना जपानला परत बोलावलं. जायच्या आधीच्या रविवारी सोपाननी त्यांना दुपारी घरी जेवायला बोलावलं. अर्थात मलाही. सोपानच्या बायकोनं मासवडीचा बेत केला होता. बेसनाच्या वड्या, आत तीळ-खोबऱ्याचं सारण, आणि तिखट रस्सा. ओकुदा-सान मांडी घालून बसले, घाम पुसत जेवले आणि रस्सा पुन्हा मागून घेतला. जेवताना मी नेहमीप्रमाणे दोन्हीकडचं बोलणं पोचवत होते. पीक काय घेता, मुलं काय करतात, तिकडे थंडी किती. कुणीही त्या दिवसाचं नाव काढलं नाही.

जेवणं झाल्यावर ते दोघं हात धुऊन बाहेर अंगणात जाऊन बसले. शेवग्याच्या झाडाखाली प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. मी पानं उचलायला थोडी मदत केली आणि पदराला हात पुसत बाहेर निघाले. सोपानच्या बायकोनं माझा दंड धरला.

"बसा वो ताई. जरा बोलू द्या त्येंचं त्येंना."

"अहो, पण त्यांना कळणार कसं?"

ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली. मीही बघितलं. सोपान बोलत होते. खूप वेळ, हात न हलवता, जमिनीकडे बघत. ओकुदा-सान थोडे पुढे झुकून ऐकत होते. मग सोपान थांबले आणि ओकुदा-सान बोलू लागले, जपानीत, इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सोपाननी त्यांच्याकडे तोंड केलं आणि ऐकत राहिले. मध्येच एकानं डोळे पुसले. कुणी, ते झाडाच्या फांदीमुळे मला दिसलं नाही.

खिडकी उघडी होती. वारा आमच्या बाजूला होता आणि जरा कान दिला असता तर दोन्ही भाषा मला अक्षरन् अक्षर समजल्या असत्या. मी मोरीत भांडी विसळायला बसले आणि नळ मोठा सोडला.